पाड्यावर तंत्रज्ञान पोहोचलं, पण त्याच्याभोवती बसतं कोण?



'माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान' हा शब्द आपण प्रशिक्षणात इतक्या वेळा ऐकलाय, की त्याचा अर्थ विचारावा असं आता कोणाच्या मनातही येत नाही. शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर भिंतीवरचा मोठा टीव्ही, टॅब आणि संगणकाची खोली उभी राहते. वास्तविक माहिती साठवणारं, पोहोचवणारं आणि दोन माणसांना एकमेकांशी बोलू देणारं कोणतंही साधन त्यात येतं. रेडिओ येतो, लाउडस्पीकर येतो, बटणांचा साधा मोबाइलही येतो. ही गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण आपल्या ग्रामीण शाळांना सर्वात जास्त उपयोग या साध्या साधनांचाच झालेला आहे आणि नेमकी हीच साधनं आपण 'आयसीटी'च्या यादीतून वगळून टाकतो.

आता आपला भाग डोळ्यांसमोर आणा. पालघरहून मनोरकडे निघालं आणि वाघोबा खिंड ओलांडली की सूर्या नदीच्या काठाने मासवणचा परिसर लागतो. इथून उचललेलं नदीचं पाणी वसई-विरारपर्यंत जातं. याच तालुक्यात तारापूरला १९६९ पासून देशातलं पहिलं अणुवीज केंद्र चालू आहे आणि शेजारी बोईसरची एमआयडीसी आहे. म्हणजे मोठमोठ्या तारा आणि पाइप आपल्या अंगणातून गेलेले आहेत. तरीही पाड्यावरच्या चौथीतल्या मुलाला मराठीचं पान सलग वाचता येईल का, हा प्रश्न शिक्षकाला रोज पडतो. तंत्रज्ञान जवळून जाणं आणि ते मुलाच्या उपयोगी पडणं यात किती अंतर असतं, ते आपल्याला दुसऱ्या कोणी सांगायला नको.

हे अंतर कशाने कमी होतं? माझ्या मते उत्तर एकच आहे, आणि ते नवीन नाही. साधनाभोवती माणसं बसली पाहिजेत. ऐकल्यावर कोणीतरी विचारणारं पाहिजे, आणि विचारलेल्याचं उत्तर परत आलं पाहिजे. हे मी केवळ अनुभवावरून म्हणत नाही. त्याचा चांगला मोठा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात, तोही सत्तर वर्षांपूर्वीचा आहे.

१९५६ साली फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे १५० गावांमध्ये रेडिओ श्रोता मंडळं स्थापन झाली. गावातली वीसेक माणसं आठवड्यातून दोनदा रेडिओसमोर जमायची. शेतीचा, गावच्या कामाचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायची, आणि रेडिओ बंद झाल्यावर खरं काम सुरू व्हायचं. ऐकलं ते आपल्या गावात जमेल का, कोणाला पटलं नाही, का पटलं नाही, यावर चर्चा. मंडळाचे प्रश्न लिहून पुण्याला पाठवले जायचे आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरं मिळायची. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने या प्रयोगाचं मूल्यमापन केलं. त्यात तीन प्रकारची गावं ताडून पाहिली होती: मंडळ असलेली, नुसताच रेडिओ असलेली आणि रेडिओ नसलेली. मंडळ असलेल्या गावांतल्या लोकांचं ज्ञान भरपूर वाढलेलं दिसलं. नुसता रेडिओ होता तिथे फारच थोडं वाढलं.

इथे जरा थांबून विचार करा. रेडिओ तोच, आवाज तोच, माहिती तीच. फरक होता तो समोर बसलेल्या मंडळींचा आणि त्यांच्या परत जाणाऱ्या प्रश्नांचा. आज रेडिओच्या जागी स्मार्ट टीव्ही ठेवा, हिशोब बदलत नाही.

आपल्या जिल्ह्याकडे तर याहूनही जुना वारसा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे १९५७ मध्ये ते काम डहाणू तालुक्यातच कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं राखायला जातात, हे त्यांच्या लक्षात आलं. मग शाळाच कुरणावर नेली. तिला कुरणशाळा म्हणतात. मुलाला अंगणातून उठवून वर्गात आणण्याऐवजी बालवाडीच अंगणात भरवायची, ही अंगणवाडीची कल्पनाही तिथलीच. या बाईंकडे यंत्र एकही नव्हतं, तरी आयसीटीबद्दल बोलताना मला कोसबाड आठवतं. मूल कुठे आहे, दिवसाच्या कुठल्या वेळी मोकळं आहे आणि त्याच्या हाताशी काय आहे, हे आधी पाहायचं, पद्धत मागून ठरवायची. आपल्याकडे बरेचदा उलटं होतं. आधी साहित्याची खोकी येतात, मग त्यांचं करायचं काय ते आपण शोधतो.

२०२० चं वर्ष आपण कोणी विसरलेलो नाही. शाळा बंद, शिक्षण मात्र चालू ठेवायचं होतं. लिंक यायच्या, पीडीएफ यायच्या, शिक्षक त्या पालकांच्या गटावर पुढे ढकलायचे आणि 'पाहिलं' अशा निळ्या खुणा मोजायचे. त्याच दिवसांत आपल्याच जिल्ह्यात मोखाडा तालुक्यातल्या दांडवळ आणि आसपासच्या गावांत दिगंत स्वराज फाउंडेशन या संस्थेने 'बोलकी शाळा' चालवली. इंटरनेट नाही, प्रत्येक घरी स्मार्टफोन नाही, हे मान्य करूनच त्यांनी सुरुवात केली. आधी ध्वनिमुद्रित केलेले धडे घेऊन स्वयंसेवक पाड्यावर जायचे, लाउडस्पीकर लावायचे, आणि मुलं मोकळ्या जागेत अंतर ठेवून बसून ऐकायची, उत्तरं द्यायची. सहा गावांतली सुमारे हजार मुलं यात होती, अशा बातम्या तेव्हा देशाबाहेरही छापून आल्या. काही मुलं त्या स्पीकरलाच भाऊ, ताई म्हणू लागली होती.

लाउडस्पीकर! लग्नात, जत्रेत आणि निवडणुकीत वाजणारा. तो प्रत्येक गावात असतो, दुरुस्त करणारा माणूसही गावातच असतो आणि एका वेळी पन्नास मुलांना पुरतो. त्याच वेळी सह्याद्री वाहिनीवर 'टिली मिली' ही मालिका सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने ती पहिली ते आठवीच्या मुलांसाठी केली होती आणि तीही इंटरनेटशिवाय, साध्या टीव्हीवर दिसायची. घरातल्याच वस्तू घेऊन शिकायचं आणि मोठ्यांनी सोबत बसायचं, असा तिचा बेत होता. दोन्ही ठिकाणी स्क्रीनपेक्षा सोबतीचा विचार आधी झालेला दिसतो.

"पण सर, आता तर घरोघरी फोन आलेत," असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. 'असर'च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, त्यांचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २०२१ मध्ये ६७.६ टक्के झालं. तीन वर्षांत जवळजवळ दुप्पट. पण त्याच पाहणीतली पुढची ओळ अधिक बोलकी आहे. घरात फोन असलेल्या मुलांपैकी २६.१ टक्के मुलांना तो अभ्यासासाठी मिळतच नव्हता, आणि हवा तेव्हा मिळतो अशी मुलं साधारण तेवढीच होती. उरलेली निम्मी मधल्या अवस्थेत. कारण उघड आहे. फोन बाबांचा असतो, बाबा बोईसरच्या कंपनीत शिफ्टला जातात, आणि फोन त्यांच्यासोबत जातो. संध्याकाळी ते घरी येईपर्यंत चार्जिंग संपलेलं, आणि उरलेल्या डेटावर सगळ्यांचाच डोळा.

मुलींचं आणखी वेगळं. २०२३ च्या 'असर'मध्ये २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना विचारलं होतं. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के, मुली १९.८ टक्के. तेव्हा पालकहो, घरात फोन एकच असेल आणि दादा व ताई दोघं शिकत असतील, तर फोनची वेळ ठरवून द्या. भिंतीवर लिहून ठेवलंत तर उत्तम. नाहीतर तो कोणाकडे राहतो ते सांगायची गरज नाही.

या आकड्यांतून मी एक साधा नियम काढलेला आहे: गृहपाठ असा असावा की घरातला फोन दिवसातून फक्त वीस मिनिटं मिळाला तरी तो पूर्ण होईल, आणि नेट नसलं तरी अडणार नाही. दीक्षा ॲपवरचे पाठ आधी उतरवून घेता येतात आणि मग इंटरनेटशिवाय चालतात, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसतं. बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडचंही तसंच. बाजाराच्या दिवशी पालघरला गेलात की चांगली रेंज मिळते, तेव्हा आठवड्याचे चार पाठ उतरवून ठेवा. शिक्षकाने पालकसभेत हे एकदा प्रत्येकाच्या फोनवर करून दाखवावं. तोंडी सांगून उपयोग होत नाही, फोन हातात घेऊन बटण दाबायला लावावं लागतं. आईच्या हातून करवून घेतलंत तर अधिक टिकतं.

क्यूआर कोडचा विषय निघालाच आहे तर सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीची आठवण काढायला हवी. माढा तालुक्यातल्या या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, ही बातमी सर्वांनी वाचली. त्यांचं नाव निघालं की लोक क्यूआर कोडच आठवतात. पण त्या कोडच्या आधीची पायरी मला जास्त मोलाची वाटते. मुलांच्या घरची भाषा कन्नड होती. पुस्तकातली भाषा त्यांना परकी होती. म्हणून त्यांनी आधी मुलांची भाषा शिकून घेतली, मजकूर त्या भाषेत आणला आणि मग तो कोडमध्ये घातला.

आपल्याकडे घराघरात वारली बोलतात, काही पाड्यांवर कातकरी, कुठे मल्हार कोळ्यांची बोली, तर किनाऱ्याकडे मांगेली आणि वाडवळी. पहिलीत येणारं मूल 'मराठी माध्यमा'त येतं असं आपण कागदावर लिहितो, पण त्या मुलाला पुस्तकातली मराठी ही दुसरी भाषा असते. शहरातल्या स्टुडिओत, शुद्ध प्रमाण भाषेत, भराभर बोलणारा ॲनिमेशनचा व्हिडिओ लावला की मूल चित्रांकडे बघत शांत बसतं. आपल्याला वाटतं, किती लक्ष देतंय! व्हिडिओ संपल्यावर दोन प्रश्न विचारून बघा.

म्हणून माझा आग्रह आहे की बाहेरचे पाठ वापरा, पण निम्मे पाठ आपले आपण ध्वनिमुद्रित करा. त्याला खर्च काही नाही. प्रत्येक फोनमध्ये रेकॉर्डर असतो. सातवीतल्या एखाद्या मुलीला पहिलीच्या पुस्तकातली गोष्ट तिच्या घरच्या बोलीत सांगायला लावा, मग तीच गोष्ट पुस्तकातल्या मराठीत. दोन्ही एकामागोमाग जोडा. लहान मूल पहिली ऐकून हसतं आणि दुसरी समजून घेतं. सातवीच्या मुलीचं वाचन या निमित्ताने पक्कं होतं, तो वेगळाच फायदा. एखाद्या आजीकडून भाताच्या जुन्या वाणांची नावं, पेरणीपासून झोडणीपर्यंतची कामं बोलून घ्या. परिसर अभ्यासाचा यापेक्षा जिवंत पाठ कोणत्या ॲपवर मिळणार?

रेकॉर्डिंग करताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात, त्या अनुभवाने सांगतो. एक पाठ पाच मिनिटांहून मोठा नको. सुरुवातीला दरवेळी तोच आवाज टाका, शाळेच्या घंटेचा चालेल, म्हणजे घरातलं शेंबडं पोरसुद्धा ओळखतं की शाळा सुरू झाली. प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. मनात दहा आकडे मोजा आणि मगच पुढे बोला. ही शांतता रेकॉर्डिंगमध्ये विचित्र वाटते, पण ऐकणाऱ्या मुलाला तेवढाच वेळ बोलायला मिळतो. "घरातली भांडी मोज", "सूप हातात घे, ते कशाचं केलंय ते आईला विचार" असं काहीतरी करायला लावा. फाइलला नाव देऊ नका, नंबर द्या, कारण वाचता न येणाऱ्या मुलालाही ५ च्या पुढे ६ लावता येतो. आणि मागे कोंबडं आरवलं तर आरवू द्या, स्टुडिओचा अट्टहास नको.

आता साधनांच्या बाजूचा थोडा कडवट भाग. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाडा शाळेने लोकसहभागातून डिजिटल शाळा उभी केली आणि तिचं पाहून महाराष्ट्रभर शाळा डिजिटल करण्याची लाट आली. लाटेत चांगलं खूप झालं. गावांनी वर्गणी काढली, शिक्षकांनी पदरचे पैसे घातले. पण लाट ओसरल्यावर कितीतरी शाळांत प्रोजेक्टरचा दिवा गेला, टॅबच्या बॅटऱ्या फुगल्या, वीजबिल कोणी भरायचं यावर घोडं अडलं. एका शाळेत मी पाहिलेला टीव्ही कपाटात कुलूपबंद होता, चोरीला जाईल म्हणून! चावी मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक मीटिंगला. तेव्हा देणगीदार टीव्ही द्यायला आले तर त्यांना नम्रपणे विचारा की दोन वर्षांचं वीजबिल आणि दुरुस्तीचे पैसेही देता का. नाही म्हणाले तर चार्ज करायचे चार चांगले स्पीकर मागा.

जगाचा अनुभवही याच बाजूचा आहे. प्रत्येक मुलाला स्वतःचा लॅपटॉप द्यायचा, ही मोहीम पंधरा-वीस वर्षांपूर्वी गाजली होती. भारतातला तिचा पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट या धनगरवाड्यावरच्या छोट्या शाळेत झाला. पेरू देशाने तर लाखो लॅपटॉप वाटले. तिथे ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास झाला आणि सुमारे सव्वा वर्षानंतर पाहिलं तर मुलांच्या गणितात आणि भाषेत फरक पडलेला दिसला नाही. मुलं संगणक सराईतपणे वापरू लागली होती, एवढं खरं. शिकवण्याची रीत तीच राहिली आणि मुलाच्या हातातलं यंत्र तेवढं बदललं, तर यापेक्षा वेगळं काय होणार?

याच्या अगदी उलट उदाहरण आफ्रिकेतल्या बोट्स्वानाचं. २०२० मध्ये शाळा बंद असताना तिथे सुमारे साडेचार हजार कुटुंबांवर एक प्रयोग झाला. काही घरांना दर आठवड्याला गणिताची उदाहरणं एसएमएसने पाठवली. काही घरांना एसएमएस आणि त्यासोबत शिक्षकाचा आठवड्यातून एक साधा फोन, पंधरा-वीस मिनिटांचा. पालक आणि मूल दोघांनी स्पीकर चालू करून बसायचं आणि ते उदाहरण सोडवायचं. नुसत्या एसएमएसचा फारसा उपयोग झाला नाही. फोन आला त्या घरांतल्या मुलांचं गणित मात्र सुधारलं. पुढे हाच प्रयोग भारतासह पाच देशांत करून पाहिला, तिथेही फोनवरून शिकवण्याचा उपयोग दिसून आला. श्रोता मंडळांचा धडा पुन्हा एकदा, यावेळी बटणांच्या मोबाइलवर.

या फोनचं महत्त्व मला आपल्या भागात एका विशिष्ट कारणासाठी वाटतं. दिवाळी झाली, भात झोडून झालं, की जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची आणि आपल्याही आजूबाजूच्या पाड्यांवरची कुटुंबं वीटभट्टीवर निघतात. भिवंडी, वसई, जिथे काम मिळेल तिथे. पावसाच्या तोंडावर परत येतात. पटावर नाव असतं, मूल नसतं. ऑक्टोबरपर्यंत जोडाक्षरं वाचायला लागलेली मुलगी जूनमध्ये परत येते तेव्हा बाराखडीपाशी अडते. आपण सगळे ही मुलं ओळखतो. आयसीटीने ग्रामीण शिक्षण सुधारतं की नाही, याची खरी परीक्षा मला इथे दिसते, टीव्ही लावलेल्या सजवलेल्या वर्गात नाही.

कायद्याने अशा मुलाला जिथे असेल तिथल्या शाळेत प्रवेश मिळायला हवा. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. आपल्या राज्यात स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकही आहे. मूल निघतानाच ते पत्रक भरून द्या, आणि पालकाच्या हातातला कागद चिखलात हरवतो म्हणून त्याचा फोटो काढून भट्टीजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना पाठवा. त्या शाळेचा नंबर शोधायला अर्धा तास लागतो. रोज माहिती भरण्यात आपला जेवढा वेळ फोनवर जातो, त्यापुढे हा अर्धा तास काहीच नाही. (ऑनलाइन माहितीचा विषय काढला की शिक्षक कक्षात वादळ येतं, म्हणून इथेच थांबतो. एवढंच म्हणेन की शाळेतलं निम्मं तंत्रज्ञान वर माहिती पाठवण्यासाठी राबतं, मुलाकडे फार थोडं वळतं.)

प्रवेश झाला नाही, किंवा भट्टी शाळेपासून फार दूर असली, तर मेमरी कार्ड द्या. वर सांगितलेल्या पद्धतीचे तीसेक पाठ त्यात भरा आणि मुलाच्या नावाने एखादा संदेश टाका. अनेक बटणांच्या मोबाइलमध्येही हे कार्ड बसतं आणि ऐकू येतं. भट्टीवर एकाच गावची चार-पाच कुटुंबं शेजारी झोपड्या करून राहतात, म्हणजे श्रोता मंडळ तयारच आहे. त्यांच्यातला मोठा मुलगा किंवा मुलगी निघण्याआधी हेरून ठेवा, कार्ड त्याच्या हाती द्या. आठवड्यातून एका ठरलेल्या संध्याकाळी, काम संपल्यावर, तुम्ही फोन करा. स्पीकर चालू करायला सांगा. मुलांकडून वाचून घ्या, एक उदाहरण घाला, ठेवून द्या. पंधरा मिनिटं पुरतात.

आणि उदाहरण तिथलंच घाला. भट्टीवर मजुरी हजार विटांमागे मिळते. एका ओळीत २५ विटा, अशा ४० ओळी झाल्या तर किती? हजार. आज अशा सव्वा ओळी कमी पडल्या तर? दिवाळीआधी घेतलेली उचल किती, दर आठवड्याला मिळालेली खर्ची किती, आणि हंगाम संपताना हाती काय यायला हवं? हा गुणाकार-वजाबाकीचा पाठ ऐकायला मुलाचे आईबाबाही झोपडीत सरकून बसतात, कारण शेठच्या वहीतला आकडा बरोबर आहे का ते पाहणारं घरात आजवर कोणी नव्हतं. मुलाने वीट उचलावी यासाठी हे गणित अर्थातच नाही. त्याच्या घराचा हिशोब त्याला वाचता यावा, यासाठी आहे. पालकांना तुमच्या फोनचं महत्त्व पटवून द्यायला यापेक्षा चांगला विषय मला सापडलेला नाही.

पालकहो, तुम्ही गावातच राहणार असाल तरी तुमच्याकडेही मागणी आहे. रात्री जेवणं झाली की फोन मुलाच्या हातात देऊन उठून जाऊ नका. पाठ संपेपर्यंत शेजारी बसा. तुम्हाला वाचता येत नसलं तरी चालेल. "काय सांगितलं रे त्यांनी? मला सांग की," एवढं विचारा. मुलाने सांगायला सुरुवात केली, की मध्येच अडखळतं, परत फोनवर ऐकतं, मग पुढे सांगतं. ते परत ऐकणं हाच अभ्यास. आणि पाठ संपल्यावर आपोआप पुढचा भलताच व्हिडिओ सुरू होतो, तेवढा बंद करायला मात्र मोठं माणूस लागतं. म्हणूनही उतरवून ठेवलेले पाठ बरे, त्यांच्यामागे जाहिरात येत नाही.

दिवाळीची सुट्टी लागायला अजून दिवस असतील तर या आठवड्यात एवढं करून बघा. वर्गातल्या कोणाची घरं भट्टीवर जाणार आहेत ते विचारून घ्या, मुलं लगेच सांगतात. त्यांच्या बाबांचा आणि सोबत जाणाऱ्या शेजाऱ्याचा, असे दोन नंबर वहीत उतरवा, कारण रिचार्ज संपलं की एक नंबर बंदच असतो. पाच पाठ रेकॉर्ड करा आणि जाणाऱ्या मुलांपैकीच एकाला ते लावून दाखवायला सांगा. त्याला कुठे कळलं नाही ते तिथेच दिसेल, तेवढा भाग पुन्हा बोला. कार्डावरचा शेवटचा पाठ गणिताचा किंवा भाषेचा ठेवू नका. त्यात फक्त तुमचा मोबाइल नंबर सावकाश, एकेक आकडा सुटा करून सांगा, आणि मुलाला तो पाठ करायला लावा.